वजन तोडताना

“कूलर बंद कर,” भूषण म्हणाला.

मी रेवाला मांडीवर घेऊन कूलरच्या पुढ्यातच बसले होते. मे महिन्यातली अकोल्याची दुपार. पत्र्याखालची आमची खोली तव्यासारखी तापली होती, आणि खसाच्या ताट्यांवरून टपटपणाऱ्या पाण्याच्या आवाजावर रेवाचा आत्ता कुठे डोळा लागला होता.

“पाच मिनिटं राहू द्या न. आताच झोपली.”

“घाम नाई येऊन राह्यला व. हवा लागली का घाम आटते. बंद कर.”

मी बटण दाबलं. पातं फिरत फिरत थांबलं, पाण्याचा आवाज थांबला, आणि रेवानं डोळे उघडले.

भूषणच्या अंगात दोन स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट. बाह्यांना मनगटाजवळ रबर बांधलेले, म्हणजे घाम आतच राहावा. त्यानं दार लावून घेतलं आणि दोरीच्या उड्या सुरू केल्या. दोरी फरशीवर सपसप वाजायला लागली. मी रेवाला घेऊन बाहेर गॅलरीत आले. खोलीतल्यापेक्षा बाहेरची झळ बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवड चाचणी होती. राज्याच्या संघात कोण जाणार ते अकोल्यातच ठरायचं होतं. भूषण साठ किलोच्या गटात खेळायचा, आणि त्या गटाचा नियम साधा असतो : सकाळी काट्यावर साठच्या आत भरलात तर रिंगमध्ये, नाही तर घरी. एक ठोसाही न मारता घरी. त्याचं नेहमीचं वजन सहासष्टच्या पुढे. ते उतरवायचं म्हणजे आधी खाणं कमी करायचं, मग मीठ, मग पाणी. याला ते लोक ‘वजन तोडणं’ म्हणतात.

त्याला एकोणतीस पूर्ण झाली होती. नॅशनलला मेडल आलं तर कायमची नोकरी लावून देऊ असा शब्द एका साहेबांनी दिला होता. या वेळी नाही तर पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावणार नव्हतं. हे आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, खोलीत तिसऱ्या माणसासारखं ते बसून असायचं.

“काऊन रडते व लेक?” खालून कमलकाकू वर आल्या. घरमालकीण. हातात पन्ह्याचा तांब्या, पदरानं झाकलेला. “घे. दोन पेले मारून घे थंडगार. तुह्या मालकाले देऊ नको, तुले आणलं.”

“ठेवा काकू. यांचं झालं का घेते.”

“यांचं कवा होते?”

“उद्या सकायी. वजन झाल्यावर.”

काकूंनी तांब्या खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. “काव, तू बी जाते काय रिंगमंधी?”

मी हसले. ओठ फुटलेले होते, हसताना चुणचुणले.

“हासू नको. थो बॉक्सिंग खेळते म्हणून उपाशी. तू कायले?”

कायले, ते काकूंना सांगण्यासारखं नव्हतं.

माझ्या माहेरी बायका पुरुषांच्या मागून जेवतात. तसं काही कुणी सांगत नाही, पण आईला आधी जेवताना मी पाहिलेलं नाही. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात भूषणची नॅशनल होती. तो उपाशी बसला, तर माझ्या घशाखाली घास उतरेना. त्यानं पाणी सोडलं तेव्हा मीही सोडलं. वजनाच्या सकाळी मी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभी राहिले. वजन झालं, तो आला, अर्धी बाटली प्यायला आणि उरलेली त्यानं माझ्याकडे दिली. “तुह्या तोंडालेबी कोरड पडली असंन,” म्हणाला. तोवर त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या वर्षी त्याला रौप्यपदक मिळालं. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, गुलालानं त्याच्या पापण्यासुद्धा लाल झाल्या होत्या. पेपरवाल्यानं विचारलं, यशाचं श्रेय कुणाला? भूषण म्हणाला, “माह्यासोबत माही बायकोबी वजन तोडते.” ते फोटोसकट छापून आलं. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, कात्रण देव्हाऱ्याशेजारी लावलं. शेजारणी मला पाहायला आल्या. मला फार, फार आवडलं ते. मी कधी कशात पहिली आले नव्हते.

पुढची दोन वर्षं तसंच. तो जिंकत राहिला, मी बाटली घेऊन उभी राहत गेले.

मग रेवा पोटात राहिली. डॉक्टरीणबाईंनी दम भरला, वेळच्या वेळी जेवायचं. मी जेवले. त्या वर्षी भूषण पहिल्याच फेरीत हरला. त्याच्या पुढच्या स्पर्धेतही. दुसऱ्यांदा हरून आला तेव्हा मी ताटावर बसलेली होते. तो दारात बूट काढत म्हणाला, “तू पोटभर जेवली न यावर्षी? मंग झालं तर.” हसत म्हणाला. आणि हसता हसता त्याचा चेहरा कसा झाला, तो मी पाहिला.

म्हणून रेवा तीन महिन्यांची झाली आणि चाचणीची तारीख आली तेव्हा कुणी मला काही सांगायची गरज पडली नाही. आपण होऊनच मी त्याच्यासारखी अर्धी भाकरी खायला लागले. गेले तीन आठवडे तसेच. काल दुपारपासून त्यानं पाणी सोडलं होतं. मीही.

“दूध येते न तुले?” काकूंनी विचारलं.

“येते. आत्ताच पाजलं.”

“मंग काऊन चुरचुर करते थे?”

“गर्मीनं असंल.”

काकू रेवाच्या डोक्यावरून हात फिरवून खाली गेल्या. जाताना कपड्यांच्या दोरीकडे पाहून म्हणाल्या, “तिची दुपटी नाई दिसून राह्यली आज.”

खरंच, सकाळपासून एकच दुपटं ओलं झालं होतं. मला तेवढंच बरं वाटलं होतं. तेवढं धुणं वाचलं.

*

उन्हं कलल्यावर हनीफ सर आले. भूषण बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होता. जाडजूड माणूस, नाक कधीचं मोडून बसलेलं, आणि आवाज इतका मऊ की पहिल्यांदा ऐकणारा फसतो.

“वजन बोल.”

“एकसष्ट दोनशे.”

“ठीक है. रात्री झोपेत पाचशे-सहाशे जाते. राह्यलेलं सकायी थुंकून काढू.” त्यांनी खिशातून आंबट गोळ्यांची पुडी काढली. गोळी चघळायची, तोंडाला सुटलेलं पाणी गिळायचं नाही, बाटलीत थुंकायचं. “पाणी नाई पेलास न?”

“नाई.”

“शाबास बेटा. या येळी तुह्याच गटात थो बुलढाण्याचा पोट्टा हाय. एकवीस वर्षांचा. हात लंबे आहेत, पण पोटात मारलं का वाकते. पाहून ठेवलं म्या.” मग रेवाकडे वळून, “आणि आमची छोटी पैलवान? काऊन सुस्त आज?”

“झोप झाली नाही तिची,” मी म्हणाले.

सर गेल्यावर भूषण भिंतीला टेकून बसला. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. एका हातात बाटली, तीत थुंकत होता. मी शेजारी बसले. दरवेळी आम्ही एक खेळ खेळायचो, उद्या काय खायचं त्याचा.

“सांग,” तो म्हणाला.

“गोळाभात. वरून कढवलेलं तेल.”

“मी आधी रसवंतीवर जातो. ग्लास नाई घेत. थ्या मशीनखालीच तोंड लावतो.”

“बर्फ टाकून?”

“बर्फाच्या लादीवर झोपून.”

आम्ही हसलो. घसे इतके कोरडे होते की हसण्याला आवाजच आला नाही, नुसता वारा निघाला. तेवढ्यात रेवा रडायला लागली. मी तिला पदराखाली घेतलं. ती ओढायची, सोडायची, ओरडायची. पुन्हा ओढायची. मी दुसऱ्या बाजूला घेतलं. तसंच.

“तिले चूप कर न व.”

“करतच आहे.”

“डोकं फुटून राह्यलं माहं! उद्या मले लढायचं आहे, हे काय चालू आहे सकायपासून? मागच्या वर्षीबी असंच…”

तो थांबला. मागच्या वर्षी रेवा जन्मलीही नव्हती. मागच्या वर्षी मी जेवले होते, एवढंच.

“बोला न,” मी म्हणाले. “बोलून टाका.”

त्यानं बाटलीत थुंकलं. “काई नाई. झोप.”

माठ कोपऱ्यात होता. मी त्यावर उशी ठेवली होती, झाकण दिसू नये म्हणून.

*

सकाळी रेवा रडली नाही. मी तिला उठवून छातीशी धरलं. तिनं तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि तसंच मिटलेल्या डोळ्यांनी सोडून दिलं. मला वाटलं, चला, शांत झाली.

वजन सात ते आठच्या दरम्यान होतं. बायका तिथं येत नाहीत, पण मी दरवेळी जायचे. आमची रीतच होती ती. पिशवीत बाटली, दोन केळी, खांद्यावर रेवा. हॉलच्या एका कोपऱ्यात तपासणीचा काटा ठेवलेला असतो. तिथं कितीही वेळा चढा, उतरा. खरं वजन आतल्या खोलीत, पंचांसमोर, एकदाच.

भूषण तपासणीच्या काट्यावर उभा राहिला. सरांनी वाकून पाहिलं.

“साठ तीनशे.”

भूषण उतरला, पुन्हा चढला. साठ तीनशे.

“होते,” सर म्हणाले. “घड्याळात पाह्य. पाऊण घंटा हाय. रेनकोट घाल, बाहेर उन्हात वीस मिनिटं पळ. केस काढू. तीनशे म्हणजे काय, घामाचा एक रुमाल.”

“घामच नाई येत सर,” भूषण म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “अंगातच नाई काई आता.”

“येते. अन् मी काय म्हनतो, बस दोन मिनिटं. दम खा.”

तो बाकावर बसला. पलीकडे बुलढाण्याचा तो मुलगा वजन करून आला होता आणि पाय लांब करून केळं खात होता. भूषणनं त्या केळ्याकडे पाहिलं, मी भूषणकडे. सरांनी ते पाहिलं असावं, कारण ते एकदम मोठ्यानं म्हणाले, “अरे, आमच्या छोट्या पैलवानाचं वजन राह्यलं न! कोन्या गटात खेळते यंदा?”

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही तिला हॉलवर घेऊन आलो होतो तेव्हा तिचं असंच वजन झालं होतं. भूषण तिला कडेवर घेऊन चढला, आकड्यातून त्याचं वजन वजा केलं, सहा किलो भरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“आण,” भूषणनं हात पुढे केले. मी तिला दिली.

त्यानं तिला घेतलं आणि तो थांबला. काट्यावर चढायच्या आधीच थांबला. हातातली वस्तू जोखावी तसं त्यानं तिला किंचित वर-खाली केलं. मग चढला.

“पासष्ट सातशे,” सर हसत म्हणाले. “म्हणजे…”

“पाच चारशे,” भूषण म्हणाला.

“सहा होती न रे मागं?”

“सहा होती.”

आयुष्यभर तो माणूस एकाच गोष्टीकडे बघत आला होता, त्या आकड्याकडे. शंभर ग्रॅम म्हणजे किती तहान, दोनशे म्हणजे किती भूक, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो उतरला. रेवाच्या ओठांवर त्यानं बोट फिरवलं. तिच्या डोक्यावर टाळू आत गेली होती तिथे तळवा ठेवला. तिचं दुपटं पाहिलं. कोरडं. मग माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, नीट.

“पोट्टीनंबी वजन तोडलं व, सुवर्णा,” तो म्हणाला.

गर्मीचं असेल, असं मी म्हणाले असेन.

“दूध येते का तुले?”

“येते. थोडं…”

“कधीपासून थोडं?”

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“काय पेली तू कालपासून?”

“तुमचं होऊ द्या. अर्धाच तास राह्यला. मग पेते न मी, लगेच पेते.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मतलब? थे पेपरातली गोष्ट… खरी होती काय? मले वाटे, पेपरवाल्याले खूश करायले बोलला.” ते भूषणकडे बघत राहिले. “लेकुरवाळीले उपाशी ठेवलं तू?”

भूषणनं माझ्या पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली. “पे.”

“आधी तुमचं वजन.”

“पे म्हनतो न मी.”

“नाही.” मी तोंड फिरवलं. माझे दात आवळले गेले होते, मला ते सोडवता येत नव्हते. लोक बघत होते, तो केळंवाला मुलगाही बघत होता. “तीनशेच ग्रॅम आहे. जा तुम्ही, पळून या. मी प्याले अन् तुम्ही हरले तर पुन्हा मलेच ऐकावं लागंल. मागच्या वर्षी ऐकलं. मले नाही ऐकायचं पुन्हा. मरेन पण नाही ऐकायचं.”

तो तसाच उभा राहिला. एका हातावर रेवा, एका हातात बाटली. त्याच्या मागे आतल्या खोलीचं दार, दारात यादी घेऊन पंच, “साठ किलो! साठ किलोवाले राह्यले का कोणी?”

सर म्हणाले, “भूषण. तिले मी पाजतो पाणी. डॉक्टरकडं मी नेतो दोघींले, आत्ता, गाडी बाहेर हाय. तू पळ. बेटा, अजून होते. आयक.”

भूषणनं बाटली तोंडाला लावली.

तो घटाघट प्यायला नाही. तीन वर्षं मी पाहत आले होते, वजन झाल्यावर तो कसा प्यायचा, मान मागे टाकून, गळ्यावरून ओघळ येईपर्यंत. तसं नाही. तो हळूहळू प्यायला, डोळे माझ्यावर ठेवून, औषध घ्यावं तसं. बरोबर अर्धी झाली तेव्हा थांबला. मग बाटली माझ्याकडे दिली.

“झालं माहं,” तो म्हणाला. “आता पे.”

मी प्याले. रडत रडत प्याले, निम्मं अंगावर सांडलं.

सर बाकावर बसले होते. त्यांनी आंबट गोळ्यांची पुडी खिशातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवली. मग उठले. “चला,” म्हणाले. “गाडी काढतो.”

*

दवाखान्यात रेवाच्या एवढ्याशा हाताला सुई लावायला नर्सबाईंना शीर सापडेना. भूषणनं तिचा हात धरून ठेवला होता. लोकांची नाकं फोडलेले ते हात, एवढे अलगद मी कधी पाहिले नव्हते. सलाइन सुरू झालं. मला त्यांनी दोन तांबे पाणी पाजलं, वर दूध-बिस्किटं. डॉक्टर काय काय बोलले, ते मी इथं लिहीत नाही. सगळं मला बोलले. भूषण मध्येच म्हणाला, “तिले नका बोलू. मले बोला.” ते थांबले नाहीत.

भिंतीवर घड्याळ होतं. तो मांडीवर रेवाला घेऊन त्याखालीच बसला होता, त्यामुळे त्याला ते दिसत नव्हतं. “किती वाजले?” त्यानं विचारलं.

“आठला दोन कमी.”

थोड्या वेळानं पुन्हा. “आता?”

“आठ वाजून गेले.”

त्यानं मान हलवली. मी वाट पाहत होते, की आता तो ओरडेल, भिंतीवर मूठ मारेल, मला काही म्हणेल. काहीतरी म्हणावं, असंच मला वाटत होतं. तो रेवाच्या पावलाशी चाळा करत बसून राहिला.

बऱ्याच वेळानं तो एकदम ताठ झाला. “सुवर्णा.”

मी घाबरून उठले. “काय झालं?”

तो खाली पाहत होता. अंगावर अजून लढतीचीच लाल चड्डी होती, तिच्यावर एक गडद डाग पसरत चालला होता. मांडीवरून ओघळून पाणी फरशीवर ठिबकायला लागलं.

“मुतली,” तो म्हणाला. “मुतली व माही माय!”

आणि मग तो रडला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन, ओल्या मांड्या तशाच जवळ धरून. उठला नाही. मी दुपटं पुढे केलं तर म्हणाला, “राहू दे. राहू दे थोडा वेळ.”

*

रेवा आता पहिलीत आहे. तिच्या धाकट्या भावाची झोप म्हणजे माझा लिहायचा वेळ, आणि आज तो बराच वेळ झोपला.

सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. भूषण नंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. हातमोजे त्यानं माळ्यावर टाकले आणि एकदा मी पाहिलं तर खाली काढून, मांडीवर घेऊन बसला होता. नोकरीचा शब्द दिलेल्या साहेबांनी फोन उचलणं बंद केलं. एका भांडणात मीच म्हणाले, पाणी प्यायला मी नव्हतं सांगितलं. तो म्हणाला, “तू कधीच काई सांगत नाईस. थेच तर.” त्या वाक्यावर मी अजून कधीकधी येऊन थांबते. रेवासाठी प्यायला, की माझ्यासाठी, की दहा वर्षांची तहान त्या दिवशी त्याच्याच्यानं सोसेना, हे मी त्याला विचारलेलं नाही.

बुलढाण्याच्या त्या मुलाला नॅशनलला सुवर्णपदक मिळालं. राज्याच्या संघाचा सराव घेतलेल्या हनीफ सरांच्या पाया पडायला तो अकोल्यात आला तेव्हा पोरांनी त्याची जीपमधून मिरवणूक काढली. ती आमच्याच गल्लीतून गेली. भूषण रेवाला खांद्यावर बसवून गॅलरीत उभा होता. ढोल वाजत होते. गुलाल वरपर्यंत आला, रेवानं तो झेलायला हात पसरले. जीपमधल्या मुलानं वर पाहून हात केला. भूषणनंही केला. ढोल वळणावर जाईपर्यंत तो तसाच उभा होता, त्याची पाठ मला आतून दिसत होती, आणि त्या पाठीकडे जायचं धाडस मला होत नव्हतं.

मग तो आत आला. रेवाला खाली ठेवलं, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं.

“जेवली का तू?” त्यानं विचारलं.

दुपार टळून गेली होती. मी जेवले नव्हते. कुणी सांगितलं नव्हतं तरी थांबले होते, तो जेवेपर्यंत.

त्यानं माझं तोंड पाहिलं आणि उठून एकच ताट वाढलं. गोळाभात, वर तेल. ते माझ्यापुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसला. स्वतःला काही घेतलं नाही.

मी घास उचलला. काट्यावर चढल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून पाहायचा, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला, मी गिळेपर्यंत.